पेव आणि डबा

एखाद्या गोष्टीची एकाएकीं रेलचेल झाली म्हणजे तिचें ‘पेव फुटलें’ असें आपण म्हणतों. शब्द शहरांतहि रुळला. पण खरें पेव पाहिलेला माणूस तेथें विरळाच. बीड जिल्ह्यांत, गेवराई तालुक्यांत, त्वरितादेवीचें तलवाडा आहे. हा मुलूख रब्बी ज्वारीचा आणि तितकाच अवर्षणाचा. सुकाळाचें धान्य दुष्काळापर्यंत टिकेल तरच घर तगेल, अशा या मराठवाड्यांत पेवाला मोठें मोल होतें.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटांतील कोठार. काळी माती ओल धरते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून पांढरीची किंवा मुरमाड जागा निवडीत. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण. तळाला व कडेला कडबा-भुसा घालून वाळलेली ज्वारी भरीत आणि तोंडावर दगड ठेवून तें मातीनें लिंपीत. कोंडलेलें धान्य व त्यांतील कीड यांच्या श्वसनानें प्राणवायु सरे, कर्बद्विप्राणिद वायु सांचे आणि कीडच गुदमरे. कडेची ज्वारी काळवंडे, पुष्कळशी पेरणीच्या कामाची राहत नसे. पण आंतली कोरडी ज्वारी वर्षानुवर्षें खाण्याजोगी राही.

मात्र जो वायु किडीला मारी तोच माणसालाहि. पेव उघडतांच आंत उतरलेले कित्येक जण परत वर आले नाहींत. म्हणून जाणते लोक तें बराच वेळ उघडें ठेवीत, मग कंदील सोडून पाहत. तो विझला तर कोणी उतरत नसे.

युरोपांत निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थानें बंद बाटल्यांतील अन्न उकळून टिकविलें. १८१० मध्यें त्याला १२,००० फ्रँकांचें बक्षीस मिळालें. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्यूरंडनें पत्र्याच्या डब्याचें पेटंट घेतलें. अन्न कां टिकतें, हें पाश्चरच्या संशोधनापर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. १८६५ मध्यें अमेरिकेंतील मिसूरी नदींत ‘बर्ट्रंड’ ही आगबोट बुडाली. तिच्यावरील डबे १९७४ मध्यें तपासले, तेव्हां त्यांत जंतूंची वाढ आढळली नाहीं. रूप, गंध आणि कांहीं जीवनसत्त्वें मात्र उणावलीं होतीं.

तरीहि केवळ हवाबंदपणावर विसंबतां येत नाहीं. १८९५ मध्यें बेल्जममधील एलेझेल गांवीं खारविलेलें मांस खाऊन माणसें दगावलीं. व्हॅन एर्मेंगेमनें त्यांतून शोधलेला जंतु हवा नसते तेथेंच फोफावतो. त्याचीं बीजें साध्या उकळण्यानें मरत नाहींत. म्हणून मांस-भाज्यांचे डबे दाबाखालच्या वाफेंत सुमारें १२१ अंशांपर्यंत तापवितात. धान्याचा वैरी निराळा, तो म्हणजे ओल. १९७४ मध्यें राजस्थान व गुजरातेंत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरांवर माणसें मेलीं.

म्हणून फुगलेला, गळका किंवा गंजून भोंक पडलेला डबा चव न घेतां टाकून द्यावा. कारण या विषाला वास असेलच असें नाहीं. तलवाड्याच्या मुलखांतील शेतकरी पेवांत उतरण्यापूर्वीं कंदील सोडी. शहरांतील गृहिणीनेंहि डबा उघडण्यापूर्वीं तो एकदां निरखून पाहावा.