अंकीय मानचित्रण : आपत्तिनिवारण व वन्यजीवरक्षण

भूपृष्ठावरील स्थळांची माहिती अक्षांश-रेखांशांसह संगणकात साठवून तिच्यापासून प्रयोजनानुरूप नकाशे तयार करण्याचे तंत्र. उंचसखलपणा, जलप्रवाह, वस्ती, रस्ते व वने यांचे नकाशे या तंत्राने एकावर एक ठेवून त्यांचे परस्परसंबंध तपासता येतात. पूर, भूकंप, दरडी कोसळणे यांसारख्या आपत्तींत तसेच संकटग्रस्त वन्य प्राण्यांच्या सुटकेत त्याचा उपयोग करतात. पाण्याच्या व प्राण्यांच्या जुन्या वाटा कोठे होत्या आणि वस्तीने त्या कोठे अडविल्या, हे दाखविणे हा या तंत्राचा महत्त्वाचा गुण होय.

या तंत्राचा आरंभ १९६० नंतरच्या दशकात कॅनडात झाला. तेथे रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने भूमिवापराच्या नोंदींसाठी भौगोलिक माहिती प्रणाली उभारण्यात आली. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला; त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे सामान्य उपकरणांनीही स्थाननिश्चिती काही मीटरांपर्यंत होऊ लागली. हैतीमधील जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्तोप्रँस शहराचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर रेखाटले व ते मदतपथकांच्या उपयोगी पडले.

महाराष्ट्रात किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) जिल्हावार आपत्ती-व्यवस्थापन आराखड्यांच्या कार्यास चालना मिळाली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहराच्या सूक्ष्म समोच्चरेषा-नकाशांची आवश्यकता प्रतिपादिली. जून २०२० मध्ये मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित झाली. कोणत्या भागात किती पाणी साचेल, याचा अंदाज ती भूउंचीच्या नकाशांवरून देते.

वसईचा प्रदेश : वसई व तिच्या उत्तरेकडील किनारपट्टी पूर्वी सोपाऱ्याच्या खाडीमुळे मुख्य भूमीपासून अलग होती. याच खाडीमुळे सोपारा हे प्राचीन बंदर भरभराटीस आले. पुढे खाडीत गाळ साचला व भरावही पडला. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस असलेले गास हे गाव या सखल पट्ट्यालगत वसलेले असून तिकडे जाणारा रस्ता अतिवृष्टीत पाण्याखाली जातो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर कित्येक दिवस जलमय होता, नालासोपाऱ्यात लोहमार्गावर पाणी आल्याने गाड्या बंद पडल्या आणि मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. त्यानंतर महानगरपालिकेने पूरस्थितीच्या अभ्यासाचे काम ‘नीरी’ व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे सोपविले. बुजलेल्या खाडीची पात्रे कागदावरून नाहीशी झाली, तरी पाणी उतारानेच वाहते. म्हणून अशा प्रदेशात जुने नकाशे व आजची भूउंची यांची तुलना विशेष उद्‌बोधक ठरते.

वन्य प्राणी : २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत अडकलेल्या नर बिबट्याची सुटका करण्यात आली. संशोधिका विद्या अत्रेय व वनखाते यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवून त्यास माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या बिबट्याने सु. १२० किमी. प्रवास केला. महामार्ग, लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट नव्या ठिकाणी संघर्ष वाढू शकतो, हे जुन्नर भागातील अभ्यासांतून दिसले होते. केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा स्थलांतरास प्रतिकूल मत व्यक्त झाले आहे. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्यात वावरणाऱ्या बिबट्याचा माग वनखात्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतला व अखेर त्यास पिंजऱ्यात पकडले.

मर्यादा : नकाशा हा नोंदींइतकाच विश्वसनीय असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचा समावेश नव्हता. माळीण (३० जुलै २०१४) येथील दुर्घटना तर एस.टी. चालकास नेहमीचे गाव दिसेना, तेव्हा बाहेर कळली. त्यामुळे उपग्रहचित्रांस स्थानिक शेतकरी, मच्छीमार व आदिवासी यांच्या माहितीची जोड देणे आणि नकाशे आपत्तीपूर्वीच सिद्ध ठेवणे आवश्यक ठरते. पूर आल्यावर काढलेला नकाशा हानीची नोंद करतो. प्राण वाचविण्याचे सामर्थ्य आधी काढलेल्या नकाशातच असते.