स्पंज : एका दुर्लक्षित प्राण्याचा इतिहास



कामगार चळवळीतल्या माणसाने स्पंजावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. पण त्या दाराने आम्हांला एक खोड लावली : वस्तू हाती आली की ती कुठून आली आणि कोणाच्या कष्टाने आली, हे विचारायचे. स्पंजाविषयी हे विचारू गेलो, तेव्हा दोन इतिहास हाती लागले. एक त्या प्राण्याचा, दुसरा त्याला समुद्रतळावरून काढून आणणाऱ्या माणसांचा.

होय, स्पंज हा प्राणी आहे. आज दुकानात मिळतो तो बहुधा कृत्रिम असतो. पण अंग घासायचा अस्सल स्पंज म्हणजे एका समुद्री प्राण्याचा सांगाडा. जिवंतपणी तो काळपट आवरणाने झाकलेला, खडकाला चिकटलेला असतो. तो जागचा हालत नाही, म्हणून शतकानुशतके पुष्कळांनी त्याला वनस्पतीच मानले. इ. स. पूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने मात्र एक मार्मिक नोंद करून ठेवली. उपटायला कोणी आल्याची चाहूल लागली की स्पंज आकसतो, असे लोक सांगतात. तोरोनी गावच्या लोकांना मात्र हे मान्य नाही! म्हणजे पंडितांच्या आधी हा वाद किनाऱ्यावर चालू होता.

१७६५ साली जॉन एलिस याने स्पंजाच्या छिद्रांतून पाणी आत-बाहेर होताना पाहिले. पुढे १८२५ च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने जिवंत स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार अखंड बाहेर पडत होती. त्या दिवसांत ग्रँटबरोबर किनारा धुंडाळणारा एक विद्यार्थी होता चार्ल्स डार्विन. छिद्रे धारण करणारा या अर्थाचे 'पोरिफेरा' हे या वर्गाचे नावही ग्रँटनेच दिले.

या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. मग तो जगतो कसा? अंगावरच्या असंख्य बारीक छिद्रांतून पाणी आत शिरते, नळ्यांतून लहान लहान कक्षांत जाते आणि वरच्या मोठ्या मुखातून बाहेर पडते. कक्षांच्या भिंतींवर गळपट्टी घातल्यासारख्या पेशी असतात. प्रत्येकीला चाबकासारखा एक तंतू असतो. तो सतत हालतो, पाणी पुढे ढकलतो, आणि पाण्यातले जंतू व कण गळपट्टीला अडकतात. तेच अन्न. दुसऱ्या काही पेशी शरीरभर हिंडून ते अन्न पोचवतात. बहुतेक जातींत चुन्याचे किंवा काचेसारख्या सिलिकेचे सूक्ष्म काटे शरीराला आधार देतात. अंघोळीच्या स्पंजात मात्र काटे नसून स्पंजिन नावाचे मऊ धागे असतात, म्हणूनच तो अंगाला बोचत नाही. ल्युकोनिया नावाचा एक स्पंज जेमतेम १० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड. पण त्यात असे २० लाखांवर कक्ष असतात आणि दिवसाकाठी सुमारे २२ लिटर पाणी त्यातून गाळले जाते.

१९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन याने एक जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, पाण्यात विखुरल्या. मग त्या एकमेकींकडे सरकल्या, गोळा झाल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. संघटनेचे काम करणाऱ्या आमच्यासारख्याला ही हकीकत वाचून किती हुरूप आला असेल, ते सांगायला नको.

आता दुसरा इतिहास. एजियन समुद्रातल्या कालिम्नोस, सिमी या बेटांवरचे पाणबुडे पूर्वी हातात चपटा दगड धरून एका श्वासात तळ गाठीत. १८६० नंतरच्या दशकात तिथे नवा पोशाख आला : धातूचे शिरस्त्राण आणि वरून पंपाने सोडलेली हवा. पाणबुड्या खोल जाऊ लागला, फार वेळ थांबू लागला. माल वाढला. हंगामाआधी घरखर्चासाठी उचल घेतलेली असे, आपल्या ऊसतोड मजुरांसारखीच. ती फेडायची तर खोल जाणे भागच होते. १८६७ साली असे पोशाख वापरणाऱ्या २४ पाणबुड्यांपैकी १० दगावले, अशी नोंद एका फ्रेंच वैद्याने केली आहे.

कारण काय? खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस झटकन वर आला की सोड्याची बाटली फोडावी तसे रक्तात बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, प्राणही जातो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली हे सिद्ध केले आणि सावकाश वर या, हा उपायही सांगितला. त्याला पैसा लागत नव्हता, फक्त वेळ लागत होता. तरीही २२ वर्षांनी, १९०० साली, सिमीच्या ज्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ प्राचीन जहाज सापडले, त्यांच्यातला एक ते काम करताना मेला आणि दोघे कायमचे लुळे झाले. त्यांनी वर काढलेले पुतळे आणि ते प्रख्यात खगोलयंत्र अथेन्सच्या संग्रहालयात आहे. वर येताना कुठे किती थांबावे याची कोष्टके हाल्डेनने १९०८ साली प्रसिद्ध केली. ती आधी नौदलासाठी होती.

पुढे कृत्रिम स्पंज आला, १९८६ पासून भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला, आणि तो धंदा आटला. स्पंज दुकानात पडला होता तोवर तो प्राणी आहे हे कळले नाही. पाण्यात जिवंत असताना पाहिला तेव्हा कळले. पाणबुड्याकडेही मालाचा हिशेब बाजूला ठेवून पाहिले, तेव्हाच त्याच्या दुखण्याचे कारण सापडले. पण ग्रंथात छापलेले ज्ञान नावेवर आपोआप पोचत नाही. ते पोचवावे लागते, आणि ते पाळण्याइतका वेळ कामगाराला मिळवून द्यावा लागतो. आपण ज्या गिरणीत, गोदामात, गटारात माणसे उतरवतो, तिथे आज कोणते 'सावकाश वर या' अजून पोचलेले नाही, एवढे आपण घरी जाऊन शोधावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.