बुडबुडा लहान, बिल मोठं

सिल्वासाचा इतिहास म्हटला की मराठी माणसाला मुक्तीचा दिवस, २ ऑगस्ट १९५४, आठवतो. आझाद गोमंतक दल, सुधीर फडके, राजा वाकणकर, गाव सोडून पळालेले पोर्तुगीज. तो आठवायलाच हवा. पण माझी सारी नोकरी इथल्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर गेली. त्यामुळे मला दुसराच इतिहास जास्त ठाऊक आहे. घाण पाण्यात हवा घालण्याचा.

त्याची सुरुवात १९६५ची. त्या साली पिपरियाला दान उद्योग सहकारी संघाची पहिली औद्योगिक वसाहत झाली. मसाट, खडोलीच्या वसाहती नंतरच्या. ऐंशीच्या दशकात करसवलती पाहून मुंबई-सुरतेचे कारखानदार इकडे वळले आणि टेक्श्चराइज्ड यार्नची यंत्रं रात्रंदिवस फिरू लागली. सुताचा धंदा तसा कोरडा, पण धुण्याच्या पाण्यात सुतावरचं तेल उतरतं; रंगाई आली की रंगही आला. उतार सगळा दमणगंगेकडे. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून निघालेली ही नदी पुढे दमणला समुद्राला मिळते. देशात १९७४ साली जल प्रदूषणाचा कायदा झाला होता, त्यामुळे कारखान्यामागे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बांधणं भाग पडलं.

या ईटीपीतल्या टाक्यांमागची विद्या मँचेस्टरची. १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं, की सांडपाण्यात हवा सोडत राहिलं आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, तर त्यातले जिवाणू घाण झपाट्याने खातात. त्यांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते. जिवाणूंना हवा लागते; बाकी सगळं यंत्रकाम ती पोचवण्याचं.

इथे सुरुवातीला भोकं पाडलेले पाइप असत. त्यांतून लिंबाएवढे बुडबुडे उसळत आणि बरीचशी हवा पाण्याला न लागताच वर निघून जाई. मग रबरी पडद्यांचे डिफ्यूझर आले, बुडबुडा दोन-तीन मिलिमीटरवर आला. तेवढ्याच हवेतून पाण्यात जास्त ऑक्सिजन उतरू लागला, कारण बुडबुडा जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त आणि वर चढण्याचा वेग कमी. मात्र तेलकट पाण्याने पडदे चोंदत, आणि ते उतरवून घासण्याचं काम वारली हेल्परांच्या वाट्याला येई.

आता अल्ट्राफाइन बुडबुडे विकायला लोक येतात. २०१७च्या आयएसओ मानकाप्रमाणे हे एका मायक्रॉनहून लहान. हिशेब केला तर एक मायक्रॉनचा बुडबुडा पाण्यात एक मीटर चढायला तीन आठवडे घेतो, म्हणजे तो चढतच नाही. माहितीपत्रकात मिलिलिटरला दहा कोटी बुडबुडे लिहिलेले असतात. आकडा ऐकून मालक खूश होतो. मी तिथेच कागद मागायचो. शंभर नॅनोमीटरचे दहा कोटी बुडबुडे धरले, तर लिटरभर पाण्यातल्या सगळ्यांचं आकारमान मिळून एका थेंबाच्या हजाराव्या भागाएवढं भरतं. आत दाब तीसेक पट आहे असं मानलं तरी जिवाणूंचं पोट त्याने भरत नाही. ऑक्सिजन पोचवतात ते त्याच यंत्रातून सोबत निघणारे थोडे मोठे सूक्ष्म बुडबुडे.

म्हणून हे तंत्र खोटं ठरत नाही. तेलाचे कण चिकटवून तरंगवायचे असतील, रंग तोडण्यासाठी ओझोन पाण्यात नीट विरघळवायचा असेल, तर बारीक बुडबुडे उपयोगाचे आहेत. जपानमध्ये हे तंत्र धुलाईपासून कालवांच्या शेतीपर्यंत गेलं आहे. सिल्वासाच्या तेलकट आणि रंगीत पाण्याला नेमकी हीच दोन कामं हवी आहेत.

पण इतक्या वर्षांचा अनुभव वेगळंच सांगतो. सांडपाण्याच्या प्लांटमधली निम्म्याच्या आसपास वीज हवा घालण्यात जाते, त्यामुळे बचत करायची झाली की पहिला हात हवा फुंकणाऱ्या ब्लोअरच्या बटणावर जातो. रात्री ब्लोअर बंद आणि वहीत आकडे मात्र चोख, हे मी पाहिलं आहे. बुडबुड्याचा आकार कितीही घटला तरी बंद यंत्रातून बुडबुडा निघत नाही.

तेव्हा नवं यंत्र घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: बुडबुड्यांची संख्या विचारू नका. मध्यरात्री टाकीत डीओ मीटर बुडवा आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती आहे ते बघा.