डिझेलचा भाव: आधी दिल्लीहून, आता रोज सकाळी

टाकी कुठं भरायची, हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढीला फारसा नव्हता. भाव दिल्लीत ठरायचा आणि महिनोन्महिने तोच चालायचा.

बदल टप्प्याटप्प्यानं झाला. जून २०१० मध्ये सरकारनं पेट्रोलचा भाव मोकळा केला, डिझेल मात्र अनुदानावर राहिलं. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला साधारण ५० पैशांनी चढू लागलं. त्याच वेळी घाऊक घेणाऱ्यांचं अनुदान बंद झालं. मग आपली एसटीसुद्धा डेपोतला पंप सोडून बाहेरच्या पंपावर डिझेल भरू लागली, कारण तिथं स्वस्त पडायचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं, अन् १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलायची पद्धत आली. सकाळी ६ ला नवा भाव.

आता फरक कुठं पडतो? राज्य बदललं की व्हॅट बदलतो, तो फरक रुपयांत असतो. तेल डेपोपासून लांब असलं की वाहतूक वाढते; परभणीकरांना मनमाडजवळच्या डेपोचं अंतर असंच भोवतं. एकाच गावातल्या सरकारी कंपन्यांच्या पंपांत मात्र फरक बहुतेक पैशांतच.

म्हणून आधी हिशोब करा. ५० लिटरला रुपयाचा फरक म्हणजे ५० रुपये. तेवढ्यासाठी ट्रॅक्टर लांब नेला अन् अर्धा लिटर जादा जळालं, तर हातात काय उरलं? वेळ गेला तो वेगळाच. वाटेवरचा पंप धरा, मीटरवर शून्य बघा. शंका आली तर ५ लिटरच्या मापानं मोजून मागा. तो आपला हक्क आहे.