ज्वालेचा जमाखर्च

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 साली मँचेस्टर येथे केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली होती. वेग मंद असेतोवर ती सुतासारखी सरळ राही, परंतु वेगाने ठरावीक मर्यादा ओलांडली की एकाएकी विस्कटून सारे पाणी रंगवून टाकी. या क्षुब्ध प्रवाहाची समीकरणे नाव्हिए आणि स्टोक्स यांनी त्यापूर्वीच मांडली होती. उणीव होती ती सोडविण्याच्या सामर्थ्याची. पुढे 1941 साली रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा लहान भोवऱ्यांत उतरत उतरत अखेर उष्णतेत कशी विरते, याचे प्रमाण बांधून दिले, आणि त्यावरून उघड झाले की अगदी धाकट्या भोवऱ्याचाही हिशेब ठेवावयाचा तर गणनबिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या, म्हणजे प्रवाहाचे जडत्व आणि त्याचा चिकटपणा यांच्या गुणोत्तराच्या, सव्वादोन घाताच्या प्रमाणात वाढते.

अशी पहिली त्रिमितीय गणना ओरझॅग आणि पॅटरसन यांनी 1972 साली केली, तेव्हा चौकटीच्या प्रत्येक बाजूस अवघे 32 बिंदू होते, आणि त्यात ज्वलनाचा समावेश नव्हता. ज्वलन आले म्हणजे प्रत्येक बिंदूच्या खात्यावर तापमानाखेरीज एकेका रासायनिक घटकाची निराळी नोंद करावी लागते. येथे हायड्रोजनला अग्रमान मिळाला, कारण त्याच्या ज्वलनाचा तपशील सुमारे नऊ घटक आणि वीसेक अभिक्रियांत आटोपतो. मिझोबुची प्रभृती जपानी संशोधकांनी 2002 साली नळीच्या मुखापासून अधांतरी जळणाऱ्या हायड्रोजन-ज्योतीची गणना सव्वादोन कोटींहून अधिक बिंदूंवर केली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेशी संबंधित कार्यात ही संख्या सुमारे शंभर कोटींवर गेली.

मात्र रसायन सोपे असूनही हायड्रोजनचे भौतिक वर्तन अतिशय दुर्घट आहे. त्याचा हलका रेणू उष्णतेहून त्वरेने पसरतो; त्यामुळे विरळ मिश्रणातील ज्वालापृष्ठाचा जो भाग न जळलेल्या वायूकडे फुगतो, तेथे इंधन अधिक पोचून ज्वाला प्रखर होते, तर दोन फुगवट्यांमधील खाचेत ती विझूही शकते. इंधन आणि उष्णता सारख्याच गतीने पसरतात, हे मिथेनसारख्या इंधनांच्या बाबतीत बव्हंशी चालून जाणारे गृहीत येथे लंगडे पडते. या वायूवर वायू टर्बाइन चालवावयाचे तर ज्योत उलटून इंधनमार्गात शिरण्याचा धोका आधी ओळखला पाहिजे, आणि तो सरासरीच्या सूत्रांतून निसटतो. म्हणून बिंदूगणिक ठेवलेल्या या हिशेबाचे खरे मोल त्यातील बिंदूंच्या संख्येत नसून, वर्षानुवर्षे निमूटपणे वापरलेल्या गृहीतांच्या त्याने घेतलेल्या झडतीत आहे.