ॲपच्या पोटातली यादी

अँड्रॉइडचं कुठलंही ॲप ज्या एपीके फाइलमधून येतं, ती खरं तर झिप फाइल असते. एखाद्या जुन्या ॲपची एपीके उघडून पाहिली, तर आत ‘मेटा-इन्फ’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘मॅनिफेस्ट.एमएफ’ ही साधी टेक्स्ट फाइल सापडते. तिच्यात पानभर एकच प्रकार: आतल्या एका फाइलचं नाव, खाली अक्षरं-आकड्यांची अगम्य रांग. ही रांग म्हणजे हॅश, त्या फाइलच्या मजकुराचा ठसा. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार वेगळा येतो.

ही यादी अँड्रॉइडची नव्हे. ती १९९७ साली सन कंपनीच्या जावा १.१बरोबर आली. तेव्हा वेबपानांवरून ॲपलेट नावाचे छोटे प्रोग्राम संगणकावर उतरत आणि त्यांत वाटेत कुणी काही घुसडलं नाही, याची खात्री हवी होती. म्हणून प्रत्येक फाइलचा ठसा यादीत, त्या यादीचा ठसा दुसऱ्या यादीत आणि दुसऱ्या यादीवर डिजिटल सही. कुठलीही ओळ ७२ बाइटांपलीकडे जायची नाही. उरलेलं पुढच्या ओळीत, आधी एक मोकळी जागा सोडून. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात शोभेल असा हा नियम! ॲपलेट पुढे संपले. यादी मात्र २००८च्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये येऊन बसली.

मग २०१३च्या जुलैमध्ये ब्लूबॉक्स या सुरक्षा कंपनीने एक भोक दाखवलं. झिपमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवता येतात. अँड्रॉइडमध्ये सही तपासणारा कोड जावात लिहिलेला होता. त्याच्या नोंदीत दुसरी फाइल पहिलीची जागा घ्यायची, म्हणून तपासणी दुसरीची व्हायची. प्रत्यक्ष ॲप चालवणारा कोड वेगळा होता आणि तो पहिली फाइल उचलायचा. चोराने आपला कोड आधी ठेवायचा, अस्सल नंतर. ठसे जुळत, सही शाबूत, आणि चालायचा चोराचा कोड. अँड्रॉइड १.६पासूनचे बहुतेक सगळे फोन यात सापडले. गंमत म्हणजे यादीत एक अक्षरही चुकीचं नव्हतं. एकच गठ्ठा दोन कारकून दोन टोकांकडून वाचत होते, इतकंच.

२०१६च्या अँड्रॉइड ७ने सहीची नवी पद्धत आणली. तीत आतल्या फाइली मोजायच्याच नाहीत. अख्ख्या एपीकेचे एकेक एमबीचे तुकडे करून त्यांचे ठसे घ्यायचे. हे किती गरजेचं होतं ते पुढच्याच वर्षी ‘जॅनस’ नावाच्या हल्ल्याने दाखवलं. झिप शेवटाकडून वाचली जाते, त्यामुळे तिच्या आधी चिकटवलेला मजकूर यादीच्या खिजगणतीतच नसतो. फोन मात्र फाइलची सुरुवात पाहून तोच मजकूर कोड म्हणून चालवायचा. फक्त जुनी सही असलेली ॲपं यात सापडली, आणि ती अजून बरीच होती.

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ म्हणून येणारी एपीके या दोन्ही पद्धतींच्या तपासणीत पास होऊ शकते. अँड्रॉइडवर सही करायला कुणाची परवानगी लागत नाही. स्वतःची किल्ली स्वतःच बनवायची. त्या फाइलमधले सगळे ठसे अचूक जुळतात, कारण ते ठगाने स्वतःच घेतलेले असतात.