औंधची चित्रशाळा व किर्लोस्करवाडीचा छापखाना : कलावंताच्या कार्यव्यवस्थेचा एक विचार

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास आजवर बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे : एक शैलीच्या व दुसरे चरित्राच्या. कोणत्या चित्रकाराने कोणापासून काय उचलले आणि त्याच्या आयुष्यात काय घडले, याची माहिती त्यामुळे बऱ्यापैकी उपलब्ध आहे. परंतु चित्रकार सकाळी कामास बसे तेव्हा त्याच्या पुढ्यातील रंग कोठून आलेले असत, त्याच्या दिवसावर हक्क कोणाचा असे, चित्र पुरे झाल्यावर पैसे कोण व केव्हा देई आणि पुढे त्या चित्राची नोंद कोठे राही, हे प्रश्न किरकोळ समजून बाजूस ठेवण्यात आले. प्रस्तुत लेखात याच चार प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ‘चित्रशाळा’ हा शब्द येथे चित्रकाराची कामाची जागा आणि तिच्याभोवतीची साहित्य, वेळ, मोबदला व नोंद यांची सारी व्यवस्था, अशा व्यापक अर्थाने योजिला आहे.

या विचारासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. जुने औंध संस्थान एकसंध नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात मोडते, तर संस्थानाचे आटपाडी व कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीच्या काळात या विखुरलेल्या लहानशा संस्थानाच्या आश्रयाने चित्रकाराच्या कामाची तीन निरनिराळी रूपे एकमेकांच्या शेजारी नांदली. श्रीमंत बाळासाहेब पंत प्रतिनिधी, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आणि शंकर वासुदेव किर्लोस्कर ही त्यांतील प्रमुख नावे होत.

१. पूर्वपीठिका

मराठेशाहीतील चितारी हा आजच्या अर्थाने चित्रशाळेचा चालक नव्हता. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यातील भित्तिचित्रांकडे पाहिले असता त्याच्या कामाचे स्वरूप ध्यानात येते. भिंत धन्याची, वाडा धन्याचा आणि चित्राला त्या भिंतीबाहेर अस्तित्व नाही. चितारी कामाच्या ठिकाणी जाई, काम संपले की पुढच्या ठिकाणी निघे. त्याची खरी मालमत्ता म्हणजे हाताचे कसब, कुंचले आणि आकृती उतरवून घेण्यासाठी जपलेले चरबे व खाके. ही नमुन्यांची पुडकी बापाकडून मुलाकडे जात, आणि तीच त्याची वही व तेच त्याचे दप्तर असे.

तैलरंग आणि ताणलेले कापड आल्यावर हे चित्र पालटले. चित्र भिंतीपासून सुटले आणि हलविता, विकता येऊ लागले. त्याबरोबरच चित्रकारावर नवे ओझे आले. नळीतील रंग विलायतेहून मुंबईस येत आणि त्यांची किंमत आधी मोजावी लागे. तैलरंग सावकाश वाळत असल्याने एकाच वेळी अनेक चित्रे निरनिराळ्या अवस्थांत हाताखाली ठेवणे भाग पडे. प्रकाश एका दिशेने व स्थिर यावा म्हणून उत्तरेकडील खिडकीची खोली हवी. बैठकीस येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सवडीशी आपली सवड जुळवावी लागे. थोडक्यात, कसबाइतकेच नियोजन आवश्यक झाले.

हे नियोजन कसे चाले याचा उत्तम पुरावा राजा रविवर्मा यांच्या धाकट्या बंधूंच्या, सी. राजा राज वर्मा यांच्या, रोजनिशीत सापडतो. १८९५ ते १९०४ या काळातील ही इंग्रजी रोजनिशी प्रवास, बैठका, मागण्या आणि छापखान्याच्या अडचणी यांच्या नोंदींनी भरलेली आहे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला आणि अखेर विकून टाकला. ज्या चित्रकाराच्या मागण्यांना तोटा नव्हता, त्यालाही छपाईचा व्यवहार झेपला नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मराठीत या तोडीचे साधन म्हणजे रावबहादुर म. वि. धुरंधर यांचे ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे आत्मकथन होय. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिरलेले धुरंधर तेथेच शिक्षक झाले. नोकरीचे नियमित वेतन आणि तिच्याबाहेरची कामे अशा दुहेरी पायावर त्यांची चित्रशाळा उभी होती.

२. पंडित सातवळेकर : धंद्याच्या पायावरील चित्रशाळा

वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखले जाणारे सातवळेकर (१८६७–१९६८) हे मुळात व्यवसायाने चित्रकार होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षणानंतर त्यांनी प्रथम हैदराबादेस व पुढे लाहोरास चित्रशाळा चालविली. लाहोरच्या चित्रशाळेत रंगचित्रांच्या जोडीला छायाचित्रणही होते, आणि ही जोडी आकस्मिक नव्हती. त्या काळी व्यक्तिचित्रणावर जगणाऱ्या चित्रकारासाठी कॅमेरा हे उपजीविकेचे तसेच साहित्याचेही साधन झाले होते. छायाचित्राचे पैसे लवकर हाती येत आणि रंगचित्र तयार होईपर्यंत घरखर्च भागे. शिवाय छायाचित्रावर चौकटींची जाळी आखून तेच रूप मोठ्या कापडावर उतरविता येई. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बैठका कमी होत आणि दिवंगत व्यक्तीचे चित्रही करता येई. काचेची निगेटिव्ह क्रमांक घालून जपून ठेवली तर वर्षांनंतरही तिच्यापासून नवी प्रत देता येई. चितारी ज्या जिव्हाळ्याने चरबे जपत असे, त्याच जिव्हाळ्याने या काचा जपणे आवश्यक होते. मात्र काच भिंतीइतकी टिकाऊ नाही आणि चरब्याइतकी हलकीही नाही.

या पद्धतीचा गुण असा की चित्रकार कोणा एका धन्याचा बांधील राहात नाही. तिचा दोष असा की सारी व्यवस्था त्या एका माणसाच्या उपस्थितीवर तोललेली असते. राष्ट्रीय विचारांच्या लेखनामुळे सातवळेकरांवर सरकारची वक्रदृष्टी झाली, खटला झाला, गावे बदलावी लागली आणि प्रत्येक वेळी चित्रशाळेचा संसार नव्याने मांडावा लागला. १९१८ च्या सुमारास ते औंधास आले आणि तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापिले. तेथील भारत मुद्रणालयातून वैदिक संहिता, अनुवाद व मासिके बाहेर पडू लागली. ज्या हातांनी कुंचला चालविला त्यांनीच खिळे जुळविण्याची व्यवस्था उभारली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. चित्रशाळा मागे पडली, पण तिच्यातील शिस्त, म्हणजे नियमित काम, मुदत आणि नोंद, मुद्रणालयात टिकून राहिली.

३. श्रीमंत बाळासाहेब : राजवाड्यातील चित्रशाळा

बाळासाहेब पंत प्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. त्यांना केवळ आश्रयदाते समजणे ही अपुरी समजूत आहे, कारण ते स्वतः चित्रकार होते. १९१६ मध्ये त्यांचे चित्ररामायण मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमधून प्रसिद्ध झाले. एका कथेची सलग चित्रमाला रचताना चित्रकारापुढे एक विशेष अडचण उभी राहते. पहिल्या चित्रातील रामाचा मुखवटा, अलंकार व वेष पुढच्या प्रत्येक चित्रात तोच राहावा लागतो. यासाठी आखणी, कच्चे आराखडे व नमुन्यांचा संग्रह यांवाचून चालत नाही. येथे चितारीचे चरबे नव्या रूपाने परत आले असे दिसते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढे बाळासाहेबांनी महाभारताच्या सचित्र आवृत्तीची कल्पना मांडली आणि एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. चिकित्सक आवृत्तीच्या कार्यास १९१९ मध्ये आरंभ झाला. डॉ. वि. सी. सुखटणकरांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या मुखपृष्ठावर, ही आवृत्ती बाळासाहेबांनी प्राचीन नमुन्यांवरून चित्रित केली आहे, असा उल्लेख आहे. ‘प्राचीन नमुन्यांवरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. संपादक जसा हस्तलिखितांच्या आधारे पाठ ठरवीत होते, तसाच चित्रकारही वस्त्र, केशरचना, रथ व आयुधे यांना शिल्पांचा व लेण्यांचा आधार शोधत होता. वेरूळ (१९२९) व अजिंठा (१९३२) येथील लेण्यांवर बाळासाहेबांनी लिहिलेली माहितीपुस्तके या अभ्यासाची साक्ष देतात. या चित्रांच्या कलामूल्याविषयी मतभेद होऊ शकतील. तथापि चित्रशाळेला ग्रंथालयाची व प्रवासाची जोड देऊन पुराव्यानिशी चित्र काढण्याचा हा प्रयत्न होता, हे मान्य करावे लागेल.

या व्यवस्थेत साहित्याची ददात नव्हती आणि गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नव्हती. परंतु चित्रकार स्वतःच राजा असल्याने वेळ राज्यकारभारातून काढावा लागे आणि खर्च अखेर प्रजेच्या वसुलातून येई. १९३९ च्या राज्यघटनेने औंधात लोकप्रतिनिधींच्या हाती सत्ता आली. राजाच्या कलाप्रेमाचा खर्च हा यापुढे सार्वजनिक प्रश्न होणार, हे त्यात अध्याहृतच होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभे राहिले. रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे, जुनी लघुचित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती, हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्प, अशा नानाविध वस्तू तेथे एकत्र आल्या. खाजगी संग्रह सार्वजनिक इमारतीत आणण्याचे हे पाऊल योग्य वेळी पडले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, चित्रशाळेचा आधार संपला, पण संग्रह राहिला आणि पुढे तो राज्य शासनाच्या व्यवस्थेखाली आला.

४. किर्लोस्करवाडी : मासिकाच्या मुदतीवरील चित्रशाळा

किर्लोस्करवाडीचा चित्रकलेशी संबंध कारखान्याच्या जन्माआधीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये चित्रकला शिकण्यासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना रंग सोडावे लागले आणि ते यंत्ररेखनाकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांनी कारखान्याची वसाहत वसविली. त्यांचे पुतणे शंकरराव (१८९१–१९७५) यांनी लाहोरास सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे घेतले होते. अशा रीतीने लाहोरच्या चित्रशाळेचा एक धागा कृष्णाकाठच्या माळावर येऊन पोहोचला.

शंकररावांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. ते संपादक, जाहिरातीचे जाणकार व व्यंगचित्रकार अशा तिन्ही नात्यांनी काम करीत. येथे चित्रकाराचा धनी राजा नव्हता आणि श्रीमंत गिऱ्हाइकही नव्हते. महिन्याची तारीख हाच धनी होता. तैलचित्र वाळण्याची वाट पाहू शकते, अंक पाहू शकत नाही.

मुद्रणाच्या तंत्राने चित्राचे रूपही ठरविले. छायाचित्र किंवा रंगचित्र छापावयाचे तर जाळीच्या काचेतून त्याचे ठिपके पाडून हाफटोन ब्लॉक करावा लागे. कागद खडबडीत असेल तर बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात, म्हणून जाळी मोटी घ्यावी लागते आणि छटा हरवतात. उलट शाईच्या रेघांनी काढलेल्या चित्राचा लाइन ब्लॉक स्वस्त पडतो आणि साध्या कागदावरही स्वच्छ उठतो. रेखाचित्र व व्यंगचित्र यांना मराठी मासिकांत जे स्थान मिळाले, त्याच्या कारणांत हे आर्थिक कारण गणलेच पाहिजे. चित्रकाराला आता ब्लॉक किती रुंदीचा, मूळ चित्र किती पटीने मोठे काढावयाचे, आणि ते कोणत्या तारखेस ब्लॉक करणाऱ्याकडे जावयाचे, याचा हिशेब ठेवणे भाग पडले. स्थानमहात्म्यही विसरून चालणार नाही. औंध रहिमतपूर स्टेशनापासून बरेच आत होते, तर किर्लोस्करवाडी रेल्वेच्या काठावर होती. ब्लॉक, कागद व टपाल यांवर जगणाऱ्या चित्रशाळेला ही जागा अनुकूल होती.

५. तुलना व निष्कर्ष

तिन्ही व्यवस्था एकत्र ठेवून पाहिल्या असता काही गोष्टी स्पष्ट होतात. धंद्याच्या चित्रशाळेत स्वातंत्र्य होते, पण सातत्य चालकाबरोबर फिरे. राजवाड्यातील चित्रशाळेत सवड व साधने होती, पण पाया राजकीय होता. मासिकाच्या चित्रशाळेत पाया व्यापक होता, कारण असंख्य वर्गणीदार थोडे थोडे पैसे देत होते, परंतु विषय, आकार व मुदत यांवरील सत्ता चित्रकाराच्या हातून बरीचशी गेली. तिन्हींत जे टिकले ते छापले गेल्यामुळे किंवा सार्वजनिक संग्रहात गेल्यामुळे टिकले. म्हणून एखाद्या चित्रकाराचे नाव उरले वा बुडाले याचा निवाडा केवळ त्याच्या गुणावरून करणे इतिहासाला धरून होणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. औंधची कथा बहुधा एका रसिक राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. कार्यव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले की तिच्यात इतर माणसे दिसू लागतात : प्रतिकृती करणारे, चौकटी बसविणारे, दगड घडविणारे पाथरवट, ब्लॉक कोरणारे, हिशेब लिहिणारे कारकून. यांची नावे शैलीच्या इतिहासात येत नाहीत. ती आली तर खर्डे, पावत्या, ब्लॉकांच्या वह्या, निगेटिव्हवरील क्रमांक व घरगुती पत्रे यांतूनच येतील. १९४८ च्या आरंभी झालेल्या जाळपोळीत या दोन जिल्ह्यांतील अनेक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी सातवळेकरही आपले मंडळ घेऊन गुजरातेतील पारडीस गेले. घराबरोबर दप्तरही जाते, हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

तेव्हा सातारा व सांगली येथील कलेवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने चित्रसंग्रहालयाच्या भिंतींइतकेच संस्थानी दप्तराकडे, मासिकांच्या जुन्या अंकांतील चित्रांच्या सहीकडे आणि जुन्या छायाचित्रकारांच्या घरातील पेट्यांकडे लक्ष द्यावे. कागद रद्दीत जाण्यापूर्वी त्याची यादी करणे हेही संशोधनच आहे, आणि चित्रकाराच्या बाबतीत ते आजवर फारच थोडे झाले आहे.